'उद्यापासून येऊ नको': मुंबईच्या गिरणीपासून बोईसरच्या ठेकेदारापर्यंत

दरवर्षी १४ एप्रिलला आणि ८ मार्चला आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक पोस्ट फिरते. 'भारतातील स्त्रियांना प्रसूती रजा बाबासाहेबांनी मिळवून दिली.' खाली निळ्या कोटातला फोटो. पोस्ट टाकणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि ज्यांनी बाबासाहेबांचे नाव पाठ्यपुस्तकांतून फक्त 'घटनेचे शिल्पकार' एवढ्यावर आटोपले त्यांना उत्तर म्हणून ती ठीकही आहे. पण चळवळीतल्या तरुणांनी हे वाक्य जरा थांबून वाचले पाहिजे. त्यात एक तपशील चुकलेला आहे आणि एक फार मोठी गोष्ट गाळली गेली आहे.

चुकलेला तपशील असा की १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले ते आर. एस. आसवले यांनी. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात असेच विधेयक मांडले होते आणि सरकारने ते हाणून पाडले होते. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणाच्या संरक्षणाचा करार केला, बारा आठवड्यांच्या रजेचा. भारत सरकारने त्याला मान्यता दिली नाही.

गाळलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बाबासाहेब तेव्हा कायदेमंडळाचे नेमलेले सभासद होते, वय सदतीस. २८ जुलै १९२८ रोजी ते या विधेयकाच्या बाजूने बोलले. आणि ते 'बायकांवर दया करा' असे बोलले नाहीत. बाळंतपणाचा पैसा कोणी भरायचा, या प्रश्नावर ते बोलले. बोईसरला आज एखादी बाई पाचव्या महिन्यात कामावरून काढली जाते तेव्हा वाद नेमका याच प्रश्नाचा असतो, फक्त ठेकेदार तो तोंडाने म्हणत नाही.

आधी ते भाषण कोणत्या मुंबईत झाले ते पाहू. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपामुळे बंद होत्या. म्हणजे भाषणाच्या दिवशी गिरणगावात चूल पेटायची पंचाईत होती. याच संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना एक अवघड प्रश्न विचारला होता: विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्याला शिरू का दिले जात नाही? कारण सगळ्यांना माहीत होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याचा विटाळ. मालकाविरुद्ध एक असलेला कामगार खात्याच्या दारात जातीने दुभंगलेला होता.

आणि बायका? गिरणीतली साधारण पाचवा हिस्सा कामकरी बायका होत्या, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात. बरेचसे काम नगावर. कामावर घेणारी आणि काढणारी नाईकीण. तिला खूश ठेवले तर काम, नाही तर घर. मुंबई सरकारने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बार्न्स नावाच्या एका डॉक्टर बाईंना गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमले होते. शेवटच्या दिवसापर्यंत यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या बायका, दाईच्या हातचे अंधाऱ्या खोलीतले बाळंतपण, आणि कामावर परतताना तान्ह्याला अफूची गोळी देऊन झोपवून ठेवणे, हे सगळे त्यांनी लिहून ठेवले. त्या गोळीला लोक बाळगोळी म्हणत. आई दुष्ट होती म्हणून ती देत नव्हती. दहा तास मूल रडत राहिले तर शेजारीण तरी किती सांभाळणार, एवढा साधा हिशेब त्यात होता.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भके वर्षाच्या आत मेली, असा त्या काळच्या सरकारी नोंदीतला आकडा आहे. त्यात थोडी फुगवट आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात, देशावर जात, त्यांची मुले मुंबईत जन्मली म्हणून नोंदली जात नसत आणि मेली की मात्र नोंदली जात. फुगवट वजा करा. तरी उरते ते भयंकरच आहे.

अशा शहराच्या कायदेमंडळात विरोधकांचे म्हणणे काय होते? एक, शेतावरची बाई बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत राबतेच की, तिला कोण लाभ देते, मग गिरणीवालीलाच का? दोन, खर्च वाढला तर मालक बायकांना कामावर ठेवणार नाहीत, म्हणजे बायकांचेच नुकसान. हे दोन्ही मुद्दे नीट लक्षात ठेवा. शंभर वर्षे होत आली, मालक संघटनांच्या निवेदनात ते अजून तसेच आहेत.

बाबासाहेबांचे उत्तर थोडक्यात असे. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलायला हवा; लोककल्याण सांभाळणे हे आधी सरकारचे काम. पण सरकार उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही. मालक बाईला कामावर ठेवतो ते उपकार म्हणून नाही. पुरुषाऐवजी बाई ठेवण्यात त्याचा खास फायदा असतो म्हणून तो ठेवतो. फायदा घेतोस तर त्याबरोबर येणारा खर्चही काही अंशी तुझ्याच माथी. शेतावरची बाई आणि कारखान्यातली बाई यांच्या कामाची परिस्थिती वेगळी आहे, एकीला मिळत नाही म्हणून दुसरीला देऊ नका हा तर्क टिकत नाही.

१९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला, भारतातला असा पहिलाच. दिवसाला आठ आणे. लागू फक्त काही ठिकाणच्या कारखान्यांना.

आता आपण ज्या भागात बसून हे वाचतो-लिहितो त्या भागाकडे या. १९२९ मध्ये आजचा पालघर जिल्हा म्हणजे मुख्यतः ठाणे जिल्ह्याची उत्तर बाजू. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याच्या वारली बाईला या आठ आण्यांचा काय पत्ता? तिच्या मालकाचा कारखाना नव्हता, जंगलकूप आणि गवताची वखार होती. कामाला मजुरी नव्हती, वेठ होती. 'लग्नगडी' हा शब्द आजच्या पोरांना सांगावा लागेल: लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला माणूस ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबायचा, आणि ज्या बाईशी लग्न केले तीही आपोआप त्याच सावकाराची गडी व्हायची. कर्ज नवऱ्याने घेतले, बांधली गेली दोघे. अशा बाईच्या बाळंतपणाला रजा हा शब्दच लागू नव्हता. १९४५ मध्ये झरीच्या सभेपासून वारल्यांनी वेठ नाकारली, गवत कापणीला दर मागितला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचले असेल, नसेल तर वाचावे. लाल झेंड्याचे आहे म्हणून बाजूला ठेवू नये.

म्हणजे एकाच वेळी, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात, कायद्याच्या आतली बाई आणि कायद्याच्या बाहेरची बाई अशा दोन बायका होत्या. ही रेघ पुढे कशी सरकली आणि कुठे अडली, तोच या कायद्याचा इतिहास आहे.

१९४२ च्या जुलैत नागपूरला दलित वर्गाच्या स्त्रियांची परिषद झाली, अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेच्या ठरावांत गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथल्या कामगार बायकांसाठी हक्काची रजा आणि इजा झाल्यास भरपाई मागितलेली आहे. आपल्या आजी-पणजींनी हे मागितले तेव्हा त्यांच्यातल्या कितीजणींना अक्षर येत होते? तरीही मागणी किती नेमकी आहे पाहा. त्याच महिन्यात बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नेमणूक झाली आणि मजूर खाते त्यांच्याकडे आले.

या चार वर्षांबद्दल आपल्याकडे नुसता जयजयकार होतो, तपशील कोणी सांगत नाही. खाणीतल्या बायकांसाठी १९४१ चा प्रसूती लाभ कायदा आधीच होता. त्यातल्या उणिवा काढण्यासाठी बाबासाहेबांनी जुलै १९४३ मध्ये दुरुस्ती विधेयक आणले. पण त्याच वर्षी युद्धाला कोळसा कमी पडतो म्हणून सरकारने बायकांना जमिनीखाली खाणीत उतरवण्यावरची बंदी उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यावरून सभागृहात सरकारवर टीका झाली आणि उत्तर द्यायला उभे होते मजूर मंत्री डॉ. आंबेडकर. त्यांनी निर्णयाचा बचाव केला, आणि बचाव करताना हेही सांगितले की खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. बंदी पुन्हा लागू झाली १९४६ मध्ये. मला हा निर्णय पटत नाही. पण तो लपवण्याचीही गरज वाटत नाही. सरकारात बसलेल्या माणसाला काय काय करावे लागते ते यातून कळते, आणि समान कामाला समान मजुरी हे तत्त्व अशा अडचणीच्या जागीही त्यांनी सोडले नाही हेही कळते.

या काळातली दोन कामे मात्र आपल्या विषयाच्या मुळाशी आहेत.

पहिले, रेगे समिती. १९४४ मध्ये मजूर खात्याने देशभरच्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रसूती लाभाचे कायदे पंधरा वर्षांत कसे चालले हे तिने पाहिले. दिसले ते असे: पोट दिसू लागले की बाईला काढून टाकायचे, किंवा मुळात कामावर घेतानाच कुमारिका, विधवा, नाही तर मूल होण्याचे वय उलटलेली बाई बघून घ्यायची. लाभ द्यायचा नाही म्हणून लाभार्थीच ठेवायची नाही. मुंबईच्या गिरण्यांत बायकांचे प्रमाण तिसाव्या दशकापासून घसरत गेले. सगळा दोष या कायद्याचा नाही. रात्रपाळीची बंदी होती, यंत्रे बदलून माणसे कमी करण्याची लाट होती. पण १९२८ च्या विरोधकांचे दुसरे भाकीत काही अंशी खरे ठरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते खरे ठरले कारण बाबासाहेबांनी त्याच भाषणात सांगितलेली गोष्ट केली गेली नाही. सगळा खर्च एकट्या मालकावर टाकला की मालक बाईलाच खर्च समजतो.

दुसरे काम याच दुखण्यावरचा इलाज होता. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला नेमले गेले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. यातली युक्ती फार मोठी आहे. मालक प्रत्येक कामगारामागे, बाई असो की बुवा, ठराविक टक्के वर्गणी भरतो. आज ती ३.२५ टक्के आहे, कामगाराची ०.७५ टक्के. बाई बाळंत झाली की तिचा पगार मालक देत नाही, विमा महामंडळ देते. म्हणजे गरोदर बाई ठेवली काय आणि पुरुष ठेवला काय, मालकाचा या खात्यावरचा खर्च तोच. काढून टाकण्याचे आर्थिक कारणच कायद्याने काढून घेतले.

मग तरी का काढतात? कारण तिला ईएसआयमध्ये नोंदवलेलेच नसते. वर्गणी वाचवायची म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून बाळंतपण अंगावर येईल ही भीती, आणि भीती आहे म्हणून 'उद्यापासून येऊ नको'.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद राज्याने करावी असे आले. १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा झाला. योगायोग असा की महाराष्ट्राचा औद्योगिक विकास कायदाही १९६१ चाच, ज्यातून एमआयडीसी जन्मली. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ मध्ये वीज निघू लागली, त्याच्या पाठोपाठ बोईसर-तारापूरची वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड, पोलाद. पुढे अणुभट्टीच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. जव्हार-मोखाड्यातून, विदर्भ-मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली माणसे पास्थळ, कोलवडे, कुंभवली, सालवड, सरावलीच्या चाळींत राहू लागली. १९४५ च्या वारली बाईची नात आता वखारीत नाही, पॅकिंगला जाते. कायद्याच्या बाहेरची बाई कायद्याच्या दारात आली. दारात ठेकेदार उभा आहे.

वरच्या वर्गातल्या बाईला या कायद्याचा फायदा मिळवायलाही कोर्टात जावे लागले, मग हिची काय कथा. एअर इंडियाच्या नियमात हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी सोडावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने नर्गिस मिर्झा खटल्यात १९८१ मध्ये तो नियम रद्द केला. आयुर्विमा महामंडळ नोकरीच्या अर्जात बाईला तिच्या पाळीची तारीख आणि गर्भपात विचारत होते. नीरा माथुर खटल्यात १९९१ मध्ये न्यायालयाने त्यांना खडसावले. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाईची पाळी यायला मात्र ८ मार्च २००० उजाडावे लागले. दिल्ली महापालिका तिच्या हजेरीपटावरच्या रोजंदारी बायकांना प्रसूती रजा देत नव्हती, म्हणे या कायम नाहीत. वर्षानुवर्षे राबवून घ्यायचे आणि कायम करायचे नाही, आणि मग कायम नाही म्हणून हक्क नाही. न्यायालयाने सांगितले की १९६१ च्या कायद्यात कायम आणि रोजंदारी असा भेदच नाही. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवा.

कारण 'पार्ट टाइम'चा सगळा वाद इथेच सुटतो. बोईसरला अर्धवेळ बायका कुठे कुठे दिसतात? कारखान्याच्या ऑफिसात झाडलोट आणि चहा, चार तास. पॅकिंगमध्ये ऑर्डर असेल तेव्हा आठवड्यातून तीन दिवस. दवाखान्यात सकाळची आया, शाळेत डबे धुणारी मावशी. त्यांना सरसकट सांगितले जाते, तू पार्ट टाइम, तुला कुठला कायदा? कायदा काय म्हणतो ते पाहा. त्यात 'स्त्री' म्हणजे मजुरीवर लावलेली स्त्री, थेट लावलेली असो वा कोणा एजन्सीमार्फत. पूर्ण वेळ हा शब्द त्यात नाही. अट एकच: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम. दिवस मोजायचे आहेत, तास नाही. आठवड्यातून पाच दिवस, रोज चार तास जाणारी बाई सोळा आठवड्यांत ८० दिवस पूर्ण करते. आठवड्यातून तीनच दिवस जाणारीला सत्तावीस आठवडे लागतात, म्हणजे साधारण सव्वासहा महिने. पगारी सुट्ट्या आणि मालकाने कामाअभावी बसवून ठेवलेले दिवसही या ८० मध्ये धरतात. लाभ तिच्या सरासरी रोजाच्या दराने मिळतो, म्हणून अर्धवेळ बाईला रक्कम कमी मिळेल. पण हक्क अर्धा होत नाही. ईएसआयमध्ये असेल तर हिशेब थोडा वेगळा: लागोपाठच्या दोन वर्गणी काळांत ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी.

ठेकेदारालाही हा हिशेब पाठ आहे, हे विसरू नका. म्हणून तो ब्रेक देतो. दोन महिने एका नावाने, मग पंधरा दिवस घरी, मग दुसऱ्या ठेक्यावर. गेट तेच, साहेब तोच, मशीन तेच, फक्त कागदावर मालक बदलला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा कायद्यात, कायमपणाचे फायदे द्यायचे नाहीत या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली, तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. पन्नास वर्षे ती लिहिलेली आहे आणि पन्नास वर्षे ती चालू आहे.

२०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. (दोन मुले हयात असलेल्या बाईला बाराच. तिसरे बाळंतपण कमी दुखते असे बहुधा कायदा करणाऱ्यांना वाटले असावे.) ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. चांगलेच झाले. पण जिथे ईएसआय नाही तिथे सव्वीस आठवड्यांचा सगळा पगार पुन्हा एकट्या मालकावर. म्हणजे १९२८ चा प्रश्न दुपटीने परत आला. मालकांना त्यातले सात आठवडे सरकारने भरून द्यावेत असा प्रस्ताव कामगार मंत्रालयाने २०१८ मध्ये मांडला, आणि तो प्रस्तावच राहिला. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच सरकारकडे बोट दाखवले होते. सरकारने अजून खिशात हात घातलेला नाही.

आणि आता नव्या संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा प्रसूती कायदा, १९४८ चा विमा कायदा, दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळले. ८० दिवस आणि २६ आठवडे तसेच राहिले आहेत, त्याबद्दल घाबरून अफवा पसरवू नयेत. बदल दुसरीकडे आहे. निरीक्षकाचे नाव आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाले. जुन्या कायद्यात लाभ नाकारणाऱ्या मालकाला किमान तीन महिन्यांची कैद लिहिलेली होती. आता खटला भरण्याआधी त्याला चूक सुधारायची संधी द्यायची आहे. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० किंवा अधिक माणसे लावणाऱ्या ठेकेदाराला लागू. बोईसरचा हुशार ठेकेदार ४९ वर थांबेल, आणि बायकोच्या नावाने दुसरा ठेका काढून तिथे आणखी ४९ दाखवेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

जी रेघ १९२९ मध्ये कारखान्याच्या भिंतीवर होती ती आज कुठे आहे? दहा माणसांपेक्षा कमी असलेल्या दुकानात, क्लासमध्ये, छोट्या दवाखान्यात काम करणारी बाई आजही बाहेर. घरकामवाली बाहेर, तिच्यासाठी २००८ चे घरेलू कामगार मंडळ आहे, ज्यात बाळंतपणाच्या मदतीची तरतूद आहे, पण ते हक्क नव्हे, मदत. अंगणवाडी सेविका गावातल्या गरोदर बाईचे वजन मोजते, अमृत आहार वाढते, आणि स्वतः 'मानधन' घेते, पगार नाही; तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे मान्य करायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल लागले. वीटभट्टीवर बयाणा घेऊन जोडीने जाणारी कातकरी बाई तर पूर्ण बाहेर. जोडीतला एक हात बाळंत झाला की विटा कमी, विटा कमी की बयाणा अंगावर, म्हणून ती आठव्या दिवशी चिखलात. बीडच्या ऊसतोड बायकांनी कोयत्यात खाडा नको म्हणून गर्भाशयच काढून टाकले, त्यावर २०१९ मध्ये सरकारी समिती बसली. लग्नगडी गेला म्हणतात. मला तो कधी कोयता, कधी जोडी या नावाने दिसतो.

या बाहेर राहिलेल्या बायकांची जात काढून पाहा, असे मी म्हटले की काही पुरोगामी मित्र नाराज होतात. कामगाराला जात नसते, असे त्यांचे म्हणणे. १९२८ च्या विणकाम खात्यालाही जात नव्हती म्हणे.

आता कार्यकर्त्यांसाठी थोडे कामाचे, कारण इतिहास सांगून बाई कामावर परत जात नाही.

काढलेल्या बाईकडे कागद नसतो, ही आपली खरी अडचण. हजेरी मालकाच्या वहीत, पगार रोख किंवा सुपरवायझरच्या फोनवरून. पण पुरावा अगदीच नसतो असे नाही. फोनवर आलेले पैसे बँकेच्या पासबुकात उमटतात. सुपरवायझरचे 'उद्या सातला ये' असे मेसेज असतात. गेटची नोंदवही, गेटपास, कंपनीच्या बसमधल्या सोबतिणींचा जबाब. ईएसआयची रक्कम पगारातून कापली असेल आणि भरली नसेल तर ती वेगळी तक्रार, विमा महामंडळाकडे, आणि ती मालकाला जास्त टोचते. ठेकेदार पळाला तर मूळ कंपनीचे नाव अर्जात आधीपासून असलेच पाहिजे. फक्त ठेकेदाराच्या नावाने केलेला अर्ज बहुतेक वेळा हवेत जातो.

दुसरे, गरोदर आहे ही सूचना लेखी द्या. सूचना दिली नाही म्हणून हक्क जात नाही, कायद्यातच तसे आहे. पण लेखी सूचना असेल तर 'आम्हाला माहीतच नव्हते, काम बरोबर नव्हते म्हणून काढले' हे मालकाला म्हणता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेल्या माता-बाल कार्डाची झेरॉक्स जोडा, पोचपावती घ्या, देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

तिसरे, ज्या बाईला गरोदरपणातच काढले तिला 'आता काय, नोकरी गेली' असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. रजेवर असताना काढणे बेकायदेशीर आहेच. पण त्याआधी, चौथ्या-पाचव्या महिन्यात काढले, तरी ८० दिवस भरलेल्या बाईचा प्रसूती लाभ बुडत नाही. गंभीर गैरवर्तनाचा लेखी आदेश असेल तेवढाच अपवाद. याविरुद्ध अपिलाची मुदत ६० दिवसांची, आणि ती आदेश कळल्यापासून मोजतात. बोईसरला आदेश तोंडी असतो, तारीख कुठेच नसते, आणि बाई आपल्याकडे येते ती सहसा बाळंत होऊन, मूल चार महिन्यांचे झाल्यावर. म्हणून शाखेतल्या बाईला 'येऊ नको' म्हटल्याचे कळले की त्याच आठवड्यात तिच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक माणसाने मला कामावर येऊ नको असे सांगितले, मी कामावर यायला तयार आहे. खाली सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार. एक प्रत कंपनीला, एक ठेकेदाराला, एक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात.